दाढ काढायची की ठेवायची? एका जुन्या वादातून संशोधनाचा धडा

गेल्या पावसाळ्यात आईची खालची दाढ दुखायला लागली. वर्तकनगरात आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरात दातांचे तीन-चार दवाखाने आहेत. पहिल्या ठिकाणी डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "काढून टाका, पुढची कटकट वाचेल." दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी तोच एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाल्या, "रूट कॅनल करून कॅप बसवू. काढायची घाई नको." घरी आल्यावर आईने मला गाठलं. "एवढी पीएचडी करतेस ना? मग सांग, कोणाचं खरं?"

माझा विषय रसायनशास्त्र, त्यामुळे उत्तर येईना. पण आपल्यासारख्यांना एक सवय असते. उत्तर माहीत नसलं की हा प्रश्न आधी कोणी, कसा सोडवला ते शोधायचं. तेच केलं. जे सापडलं ते पेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं वाटलं, म्हणून हा लेख.

वाद जुनाच आहे

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला 22वा अध्याय मुखरोगांच्या उपचारांवर आहे. ज्या दातापाशी नाडी, म्हणजे पू वाहणारी वाट, तयार झाली आहे तो दात काढावा, असं तिथे म्हटलंय. पण वरचा दात असेल तर तो हलत असला तरी काढू नये, असंही बजावलंय. रक्तस्राव फार होऊन डोळा जाईल, तोंड वाकडं होईल, ही भीती. आज हे कारण कोणी देणार नाही. तरी काढण्याचा तोटा आणि ठेवण्याचा तोटा समोरासमोर मांडायची रीत मात्र ओळखीची आहे.

यानंतर मी थेट विसाव्या शतकात येते, कारण या प्रश्नाची खरी परीक्षा तिथे झाली.

दात उपटण्याची लाट

1900 मध्ये लंडनच्या विल्यम हंटर या डॉक्टरांनी लिहिलं की तोंडातला जंतुसंसर्ग हे अनेक आजारांचं मूळ आहे. 1910 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी हेच आणखी कडक शब्दांत मांडलं. सोन्याच्या कॅपखाली पू दडवणाऱ्या दंतवैद्यांना त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं. पुढे शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांनी 'फोकल इन्फेक्शन' ही कल्पना रुजवली: दाताच्या मुळाशी किंवा टॉन्सिलमध्ये लपलेला संसर्ग शरीरात पसरतो आणि संधिवातासारखे आजार होतात.

नेमक्या त्याच काळात दातांचे एक्स-रे निघायला लागले होते. मुळाशी काळी सावली दिसली की दात संशयित. अमेरिकेत दंतवैद्यांचे दोन गट पडले. एक गट म्हणायचा, नस मेलेला प्रत्येक दात काढा. दुसरा म्हणायचा, नीट उपचार केले तर दात वाचतो. दोन्ही गटांकडे "माझा पेशंट बरा झाला" अशी उदाहरणं ढिगाने होती.

टोकाला गेले ते न्यू जर्सीतल्या ट्रेंटन मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन. मानसिक आजाराचं मूळही दातात आहे असं मानून त्यांनी रुग्णांचे दात काढायला लावले, पुढे टॉन्सिल आणि आतड्याचे भागसुद्धा. सुमारे 85 टक्के रुग्ण बरे होतात, असा त्यांचा दावा होता.

आता थांबा आणि विचार करा. तुम्ही परीक्षक असता तर काय विचारलं असतं?

एका प्रश्नाने काय केलं

न्यूयॉर्कच्या कोपेलॉफ आणि चेनी या दोघांनी साधा प्रश्न विचारला: दात काढले नसते तर किती जण बरे झाले असते? त्यांनी शक्य तितके सारखे असे रुग्णांचे दोन गट केले. एका गटातला संसर्ग काढला, दुसऱ्याला हात लावला नाही. 1922 मध्ये निष्कर्ष आला: दोन गटांत फरक नाही. कॉटन मात्र थांबले नाहीत.

संधिवाताबाबत 1938 मध्ये सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी 200 रुग्णांची पाहणी मांडली. त्यातल्या 52 जणांचे दात काढले होते आणि 47 जणांना काहीच गुण आला नव्हता. सेसिल स्वतः आधी याच कल्पनेचे समर्थक होते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. (यावरून दातातला संसर्ग तसाच सोडावा असं कोणी समजू नये. त्यावर उपचार हवेतच. प्रश्न कोणत्या उपचाराचा, एवढाच.)

मतभेद कुठून येतो?

याच काळातली टॉन्सिलची एक पाहणी दातांनाही लागू पडते. 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या 1000 शाळकरी मुलांची माहिती प्रसिद्ध झाली. 611 जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या 389 मुलांना डॉक्टरांनी तपासलं, 174 जणांचे काढा म्हणाले. वाचलेल्या 215 मुलांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी 99 निवडले. त्यातून सुटलेल्या 116 जणांतून तिसऱ्यांदा 51 निवडले गेले. दर वेळी साधारण 45 टक्के! म्हणजे निर्णय घशाकडे बघून जितका होत होता, तितकाच "एवढ्यांचे तरी काढावे लागतातच" या सवयीतूनही होत होता.

मग मी आईला घेऊन दोन्ही डॉक्टरांकडे परत गेले. "कोण बरोबर?" असं न विचारता तीन गोष्टी विचारल्या: तुम्हाला एक्स-रेत नक्की काय दिसतंय? दाढ ठेवली तर काय होऊ शकतं? काढली तर काय?

गंमत म्हणजे एक्स-रेबद्दल दोघांचं एकमत होतं. मुळाशी संसर्ग आहे, उपचार लगेच हवेत. वाद होता तो फक्त उरलेली दाढ कॅपचा भार किती वर्षं पेलेल यावर. त्याचं पक्कं उत्तर दोघांकडेही नव्हतं आणि दोघांनी ते कबूल केलं. खर्च आणि फेऱ्या यांचा हिशेब मात्र आईलाच करायचा होता. ती म्हणाली, "काढणं नंतरही होईल, परत बसवणं होणार नाही." रूट कॅनल झालं.

दाढ अजून आहे, दुखत नाही. आई शेजारच्या मावशींना सांगते की दुसऱ्या डॉक्टरच बरोबर होत्या. मी तिला म्हटलं, "आई, एका दाढेवरून तसं ठरत नाही. तुझ्या दाढेला कंट्रोल ग्रुप कुठे होता?"

ती म्हणाली, "तू जेवायला बस."