कावेरीतील महासीर आणि दोन मराठी नावे

बेंगळुरू आणि मराठी माणूस ह्यांचा संबंध सांगावयाचा झाला की आपण स्वाभाविकपणेच शहाजीराजांपासून प्रारंभ करतो. सन १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी हे नगर जिंकले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, ही गोष्ट आपल्या मंडळाच्या सभासदांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या प्रतिष्ठेस तो शोभेल की नाही, अशी शंकाही काहींना येईल. विषय आहे कावेरी नदीतील महासीर हा मासा आणि त्याला गळाने धरण्याचा छंद. परंतु ह्या माशाच्या इतिहासात मराठी मुलखातून निघालेली दोन नावे व मराठी मुलखातच जन्मलेली पिल्ले अशी काही गुंतून गेली आहेत की, तो इतिहास बेंगळुरूच्या मराठी वाचकाने जाणून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

गळाने मासे धरणे हा साहेबी शौक आहे, असा आपल्याकडे एक समज आहे. कोकणातील मनुष्य तो समज मान्य करणार नाही. माझे बालपण कोकणपट्टीत गेले. अंधाऱ्या रात्री, भरती चढू लागली म्हणजे, खडपाच्या टोकाशी बसून फुटत्या लाटांत गरी टाकणारी माणसे तेथे घरोघर होती. देशावर ज्याला गळ म्हणतात त्याला आम्ही गरी म्हणतो, एवढाच भेद. मात्र ती माणसे पोटासाठी किंवा फार तर दुसऱ्या दिवशीच्या कालवणासाठी बसत. केवळ विनोदासाठी, म्हणजे मनोरंजनासाठी मासा धरावा आणि त्याचे शास्त्र लिहून ठेवावे, ही कल्पनाही आपल्याच भूमीतील असून ती इंग्रजांच्या पुष्कळ आधीची आहे.

कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर ह्याने सन ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ते कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी आणि कन्नड ह्या दोन्ही भाषा जेथे शेजारणींप्रमाणे नांदतात तो मुलूख. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख ह्याच ग्रंथात आला असल्याने मराठीच्या अभ्यासकांना तो सुपरिचित आहे. त्याची बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतील आवृत्ती गजानन श्रीगोंदेकर ह्यांनी सिद्ध केली व तिचा पहिला भाग १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. राजाने करावयाच्या विनोदांमध्ये सोमेश्वराने ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण घातले आहे. समुद्रातील व नद्यांतील माशांच्या जाती, कोणत्या जातीला कोणते खाद्य घालून एका ठिकाणी आणावे, दोरी कशी असावी, गळ कसा असावा, ह्या सर्वांची तेथे व्यवस्थित मांडणी आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा ह्यांनी १९५१ मध्ये ह्या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहून त्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. इंग्रजी भाषेतील गळाच्या शास्त्रावरील पहिला छापील ग्रंथ १४९६ सालचा आहे. साडेतीनशे वर्षांचे हे अंतर आपण ध्यानात ठेवावे. पण त्याचा फार गवगवा करण्यातही अर्थ नाही, कारण सोमेश्वरानंतर ह्या विद्येची परंपरा आपण लेखनात टिकवली नाही.

आता त्या दोन नावांकडे वळू. पेशवाई १८१८ मध्ये अस्तास गेल्यावर इंग्रजांनी दख्खनची मोजदाद आरंभिली. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम सायक्स हे १८२४ पासून ह्या कामावर होते. जमीन, पीक, पाऊस, लोकसंख्या ह्यांची टिपणे करता करता ह्या गृहस्थांनी पक्षी व मासेही सोडले नाहीत. (आम्हां सरकारी नोकरांना असे अधिकारी पाहिले की थोडी लाज वाटते.) त्यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ च्या सुमारास लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्यांची एक चांगली रीत होती. नव्या माशाला लॅटिन धाटणीचे नाव देताना ते पुष्कळदा स्थानिक लोकांच्या तोंडचा शब्दच उचलीत. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत सापडलेल्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाला त्यांनी ‘खुद्री’ हे नाव दिले, आणि शिरूरजवळ घोड नदीत मिळालेल्या दुसऱ्या एका माशाला ‘मसला’. अशा रीतीने मराठी मच्छीमारांच्या बोलीतील दोन शब्द जगाच्या प्राणिशास्त्रात कायमचे नोंदले गेले. त्यांपैकी पहिला आज निळ्या परांचा महासीर म्हणून ओळखला जातो. दुसऱ्याची कथा अधिक चमत्कारिक आहे.

कावेरी आणि तिच्या उपनद्यांत एक निराळाच महासीर होता. डोक्यामागून एकदम उंचावणारी पाठ, सोनेरी अंग, नारिंगी छटेचे पर आणि अवाढव्य आकार ही त्याची लक्षणे. दक्षिण कानड्याचे जिल्हाधिकारी राहिलेले हेन्री सलिव्हन टॉमस ह्यांनी १८७३ मध्ये भारतातील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला आणि महासीराची कीर्ती विलायतेस पोचली. ह्याच टॉमससाहेबांनी बारीक जाळी व विषप्रयोग ह्यांविरुद्ध सरकारदरबारी खटपट केली, हेही सांगितले पाहिजे. सुरुंगाने अथवा विष घालून मासे मारण्यास बंदी करणारा कायदा पुढे १८९७ मध्ये झाला. म्हैसूरच्या हत्तीखेड्याचे अधिकारी सँडरसन ह्यांनीही १८७८ च्या आपल्या पुस्तकात इकडच्या नद्यांतील प्रचंड माशांचे वर्णन केले आहे. गळाने धरलेल्या सर्वांत मोठ्या महासीराची नोंद १९४६ सालची असून, पेंढा भरून प्राणी जतन करण्याच्या कलेसाठी प्रसिद्ध असलेल्या म्हैसूरच्या व्हान इंगेन कुटुंबातील एका बंधूने तो कबिनी नदीत धरला. वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो; आपल्यापैकी काही सभासदांचेही एवढे भरणार नाही.

हा मासा कोणता, ह्या प्रश्नाला मात्र कोणी फारसा हात घातला नाही. पुस्तकांतून त्याला कधी एक नाव मिळे, कधी दुसरे. पुढे पुढे घोड नदीतला सायक्सचा ‘मसला’ तो हाच, असे धरून चालण्याचा प्रघात पडला. शिरूरच्या कोळ्याचा शब्द कावेरीतील राजाच्या माथी बसला, तो कोणी नीट ताडून न पाहताच.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले आणि हा छंद जवळजवळ विस्मरणात गेला. सुरुंगाची दारू मात्र सर्वत्र मिळू लागली. खाणीत लावावयाची कांडी डोहात टाकली की लहानमोठे सर्व मासे पोट वर करून तरंगतात. त्यास कौशल्य लागत नाही की धीर. बेंगळुरूतील वन्यजीवप्रेमी मंडळींनी १९७२ मध्ये दक्षिण भारत वन्यजीव संघटना स्थापन केली आणि कावेरीचा एक पट्टा कराराने घेऊन राखण्यास आरंभ केला. १९७७-७८ च्या सुमारास तीन इंग्रज तरुण महासीराच्या शोधात भारतभर हिंडत कावेरीवर आले. त्यांच्या हकिकतींमुळे हे मासे अद्याप हयात आहेत, हे परदेशात कळले. मग १९८० मध्ये स्थापन झालेल्या राज्य सरकारच्या जंगल लॉजेस ह्या संस्थेने भीमेश्वरी, दोड्डमकळी व गालिबोरे येथे तळ उभारले. बेंगळुरूपासून ही ठिकाणे शंभर किलोमीटरच्या आसपास आहेत.

तेथील रीत ध्यानात घेण्याजोगी होती. गळाला लावावयास नाचणीच्या पिठाचे शिजवलेले घट्ट उंडे; म्हणजे म्हैसूर प्रांतातील शेतकरी दुपारी जे मुद्दे जेवतो तेच अन्न माशालाही. वेळ पहाटेची अथवा दिवेलागणीनंतरची. वेताच्या गोल टोपलीसारख्या नावेतून प्रवाहातील खडकांमध्ये जावयाचे, दोर पाण्यात सोडावयाचा आणि कान देऊन बसावयाचे. मासा लागला की चक्रीचा कर्कश आवाज काळोखात घुमू लागे, आणि पुढे तास-अर्धा तास माणसाची परीक्षा. शेवटी मासा काठाशी आला की त्याचे वजन करून वहीत लिहावयाचे, त्याला पाण्यातच धरून दम घेऊ द्यावयाचा आणि सोडून द्यावयाचे. पूर्वी चोरून मासे मारणारे कित्येक स्थानिक लोक ह्या तळांवर वाटाडे व राखणदार म्हणून नोकरीस लागले. ज्याला नदीतील प्रत्येक डोह ठाऊक, त्याच्यापेक्षा चांगला पहारेकरी कोण मिळणार?

ह्याच काळात आपल्याकडे, लोणावळ्यास, एक महत्त्वाचे कार्य चालले होते. खोपोलीच्या वीजकेंद्रासाठी टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर जे तलाव बांधले, त्यांपैकी वळवण येथे महासीराची कृत्रिम पैदास करण्याचा प्रयोग १९७० च्या सुमारास सुरू झाला. त्याचे प्रवर्तक महाराष्ट्राचे माजी मत्स्यसंचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी. महासीराची अंडी व पिल्लांची वाढ ह्यांवरील त्यांचा निबंध १९७१ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. फलित अंडी ओल्या कापसाच्या थरांत ठेवून दूरवर पाठवता येतात, हे त्यांनी व त्यांचे सहकारी ओगले ह्यांनी दाखवून दिले. नद्यांतून नाहीशा होणाऱ्या माशाला माणसाने पुन्हा जन्म द्यावा, ही गोष्ट लहान नव्हे. लोणावळ्याची पिल्ले देशातील अनेक राज्यांना गेली. १९७० च्या दशकापासून ती कावेरीतही सोडण्यात आली.

ती पिल्ले होती सायक्सच्या ‘खुद्री’ची, निळ्या परांच्या महासीराची. महासीर तो महासीर, असे त्या वेळी सर्वांस वाटत होते.

अशा प्रकारची देवघेव जगात अन्यत्रही झाली आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर रात्री कमरेइतक्या लाटांत उभे राहून पट्टेदार बास धरण्याचा छंद फार जुना आहे. १८७९ मध्ये त्या माशाची शे-सव्वाशे पिल्ले आगगाडीने पार पश्चिम किनाऱ्यास नेऊन सोडली आणि तेथे त्यांचा मोठा विस्तार झाला. मूळ किनाऱ्यावर मात्र १९७० च्या दशकाअखेरीस त्यांची संख्या कोसळली. तेव्हा १९८४ मध्ये खास कायदा करून काही राज्यांत मासेमारी पूर्ण थांबविण्यात आली व १९९५ मध्ये तो साठा सावरल्याचे जाहीर झाले. तेथे मोजणी होती आणि त्या माशाच्या ओळखीविषयी संदेह नव्हता. आपल्याकडे ह्या दोन्हींची उणीव होती.

मोजणी निघाली ती छांदिष्टांच्या वह्यांतून. गालिबोरे तळावरील १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. तेवीस हजारांहून अधिक तासांचा खटाटोप आणि सहा हजारांहून अधिक मासे, एवढी सामग्री त्यांत होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वाचून मी तरी काही वेळ स्तब्ध झालो. महासीरांची एकूण संख्या वाढली होती. राखणीचा उपयोग झाला होता. पण वाढले होते ते निळ्या परांचे. उंच पाठीच्या मूळ माशाचे लहान नमुने गळास लागेनासेच झाले होते. उरले होते ते थोडे थोराड मासे. घरात केवळ वृद्ध राहावेत आणि पाळणा हलू नये, तशी ती अवस्था.

ह्यात दोष कोणाचा? मला वाटते, लोणावळ्याच्या कार्यकर्त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. मासे घटत होते, मागणी होत होती, आणि कावेरीतील जात वेगळी आहे असे सांगणारे शास्त्र त्या वेळी हाताशी नव्हते. शिवाय धरणांनी चढतीचे मार्ग अडवले, नदीतील वाळू उपसली गेली, सुरुंग वाजतच राहिले. आपणही ह्यातून सुटत नाही. १९७४ पासून बेंगळुरूच्या नळांना कावेरीचे पाणी येते. ते तोरेकाडनहळ्ळीहून आणून चढावर ढकलले जाते. त्याच्या मोबदल्यात ह्या नगराचे सांडपाणी वृषभावतीतून अर्कावतीत आणि अर्कावतीतून मेकेदाटूच्या अलीकडे संगमावर पुन्हा कावेरीत जाते. इतकी मोठी नदी ज्याच्या घरात नळाने येते त्या माणसाने लोणावळ्याकडे बोट दाखवू नये. तरीही एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे: ओळख पटविण्याआधी पैदास झाली, हा क्रम उलटा होता.

वन्यजीव कायद्यान्वये अभयारण्यात गळ टाकणे ही शिकारच, असा अर्थ लावला गेल्याने कावेरी अभयारण्यातील हे तळ गळासाठी बंद झाले आणि २०१२ नंतर त्या वह्याही थांबल्या. मासा सोडून देणाऱ्यास शिकारी म्हणावे काय, हा वाद अद्याप चालतो. मी स्वतः सरकारी नियमांचा माणूस आहे, परंतु येथे माझे मत छांदिष्टांकडे झुकते, कारण राखणदार त्यांच्याच पैशांतून पोसले जात होते.

ओळखीचा उलगडा पुढे झाला. घोड नदीतला ‘मसला’ हा महासीरच नव्हे, तो दुसऱ्याच प्रजातीतील मासा आहे, असे संशोधकांनी दाखविले. त्यामुळे उंच पाठीचा महासीर निनावी ठरला. आणि ज्याला शास्त्रीय नाव नाही त्याला धोक्यातील प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत जागा मिळत नाही. अखेर तमिळनाडूतील मोयार नदीत त्याचे नमुने मिळाले. पिंडर, राघवन, पुण्याचे नीलेश डहाणूकर आदींनी २०१८ मध्ये सिद्ध केले की, केरळातील पांबार ह्या कावेरीच्याच उपशाखेतून पूर्वी वर्णिलेला ‘टोर रेमादेवी’ तो हाच. प्राणिसर्वेक्षण संस्थेतील संशोधिका रेमा देवी ह्यांच्यावरून ते नाव आलेले आहे. त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त वर्गात झाली. आणि सायक्सचा ‘खुद्री’, जो पूर्वी संकटग्रस्तांच्या यादीत होता, तो आता त्या यादीतून निघून सुरक्षितांच्या पंक्तीत बसला आहे. ‘मसला’ हे नावही शिरूरच्या घोड नदीतील आपल्या मूळ धन्याकडे परत गेले आहे.