गांजा, वेड आणि नोंदवहींतील एक सदर

गांज्यानें माणसास वेड लागतें ही समजूत लोकांत रूढ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तिला सरकारी कागदांचाहि आधार मिळाला. तो आधार कसा निर्माण झाला व तपासणीअंतीं त्यांतील किती टिकला, हें पाहणें जुन्या कागदांच्या संग्राहकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हें टिपण सादर करीत आहें.

पाचोरा हा त्या काळीं अखंड खानदेश जिल्ह्याचा एक तालुका होता. जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग १९०६ सालीं झाले. अशा तालुक्याच्या बाजारांत वेड लागलेला एखादा इसम भटकतांना आढळल्यास काय करावें, हें १८५८ च्या ३६ व्या कायद्यानें ठरविलें होतें. पोलिसांनीं त्यास धरून मॅजिस्ट्रेटापुढें न्यावें, डॉक्टराकडून तपासवावें व वेड खरें ठरल्यास वेड्यांच्या इस्पितळांत रवाना करावें. मुंबई इलाख्यांत अशीं इस्पितळें कुलाबा, पुणें, रत्नागिरी, धारवाड वगैरे ठिकाणीं होतीं. रोग्याबरोबर एक वर्णनपत्रक जाई व त्यांत ‘वेडाचें कारण’ असें सदर असे. तें बहुधा पोलिसांच्या माहितीवरून भरलें जाई. ज्याचे आप्त सांपडत नाहींत, ज्याचें गांव ठाऊक नाहीं, त्याच्या वेडाचें कारण शिपायानें सांगावें कसें? परंतु सदर तर भरलेंच पाहिजे. इसमास चिलीम ओढतांना कोणी पाहिलें असलें, कीं ‘गांजा’ एवढ्या शब्दानें काम भागे. हाच शब्द पुढें इस्पितळाच्या वहींत उतरे, वहींतून वार्षिक कोष्टकांत जाई, आणि कोष्टकास मग प्रमाणाची योग्यता येई.

या कोष्टकांची परीक्षा करण्याचा प्रसंग १८९३ सालीं आला. त्या वर्षीं २ मार्च रोजीं ब्रिटिश पार्लमेंटांत केन नांवाच्या सभासदानें बंगालमधील गांज्याविषयीं प्रश्न काढला, व त्यावरून हिंदुस्थान सरकारनें जुलैंत कमिशन नेमलें. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष असून सभासदांत ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग व लाला निहालचंद हे तीन हिंदी गृहस्थ होते. कमिशननें ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ सालीं अहवाल सादर केला. त्याच्या दुसऱ्या खंडांत वेडाविषयींची चौकशी आहे. मुंबई इलाखा व वऱ्हाड यांतील साक्षी सातव्या खंडांत आहेत.

१८९२ सालीं निरनिराळ्या इस्पितळांत १३४४ रोगी दाखल झाले. पैकीं २२२ जणांचें वेड गांजा, भांग, चरस यांमुळें असल्याची नोंद होती. कमिशननें कोष्टकावर विसंबून न राहतां एकेका रोग्याचें मूळ शोधविलें. त्याच्या गांवीं, आप्तेष्टांपाशीं, पुन्हां तपास करविला. अंतीं २२२ पैकीं अवघ्या ९८ जणांच्या बाबतींत या पदार्थांचा संबंध मानण्याजोगा ठरला, आणि दुसरें कोणतेंहि कारण नसलेले ६१ च उरले. शेंकडा साडेसोळांचा आंकडा शेंकडा सव्वासातांवर आला!

तथापि कमिशनचा निर्णयहि डोळे मिटून घेण्यासारखा नाहीं. घराण्यांतील वेड आप्तस्वकीय लपवितात, आणि सरकारास या पदार्थांवर अबकारी उत्पन्न होतें. शिवाय व्यसनामुळें वेड लागलें, कीं वेडाच्या पहिल्या झटक्यांत मनुष्य चिलमीकडे वळला, हा पौर्वापर्याचा प्रश्न केवळ फेरतपासानें सुटत नाहीं.

अर्वाचीन संशोधनानें या प्रश्नास नवें वळण दिलें आहे. स्वीडनमधील ४५,५७० सैनिकभरतीच्या तरुणांची पुढील हकीकत १९८७ सालीं प्रसिद्ध झाली. पन्नासांहून अधिक वेळां गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचें प्रमाण सहापट आढळलें. म्हणजे पोलिसाचा तो शब्द सर्वत्र खोटाच होता असें नाहीं. याहून विस्मयकारक गोष्ट अशी कीं, २०१२ सालीं अनेक अभ्यास एकत्र पडताळतां, स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांपैकीं गांजा घेतलेल्यांची बुद्धिशक्ति न घेतलेल्यांपेक्षां सरासरीनें बरी दिसली. गांजा बुद्धि वाढवितो असा याचा अर्थ नव्हे. कित्येक संशोधकांच्या मतें, या लोकांची मूळ घडण अधिक सुदृढ असून त्यांना आजाराकडे ढकलण्यांत व्यसनाचा वांटा मोठा असावा. सर्व अभ्यासांचा यावर एकमेळ नाहीं. परंतु आजार जडल्यावर व्यसन सोडणाऱ्यांस तो उलटण्याचा संभव, व्यसन चालू ठेवणाऱ्यांपेक्षां कमी असतो, हें २०१६ च्या एका एकत्रित पडताळणींत दिसून आलें. तेव्हां ज्याच्या नांवापुढें ‘गांजा’ लिहून वही मिटली, तो कदाचित् सांवरण्याजोगाहि असेल.

खानदेशांतील पाचोरें, भडगांव, एरंडोल, चोपडें या बाजूच्या कोणा गृहस्थाच्या संग्रहीं गांज्याच्या मक्त्याचे कागद, फौजदारीकडील वर्णनपत्रकांच्या नकला किंवा ‘विजया’, ‘भंगा’ या नांवांनीं पाठ देणारीं वैद्यांचीं बाडें असतील, तर त्यांनीं तीं अवश्य प्रसिद्ध करावीं. मात्र प्रत्येक नोंदीपुढें ती कोणीं लिहिली व कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, हें आढळेल तितकें नमूद करावें. ज्याच्याविषयीं ती आहे, त्याचें स्वतःचें म्हणणें बहुधा कोठेंच उतरलेलें नसतें.