गवत कापायचं मशीन लावताय? आधी घरातलं हे बटण दाबून बघा

पावसाळ्यात आठवडाभर दुर्लक्ष झालं तरी आवारातलं गवत गुडघ्याला लागतं. मग ग्रास कटर, लॉनमोअर, हेज ट्रिमर बाहेर निघतात. खिडकीतून एक्स्टेंशनची वायर ओढली जाते आणि काम सुरू होतं. पायाखाली ओली जमीन, हात घामेजलेले आणि फिरत्या पात्याशेजारीच २३० व्होल्टची वायर. पात्याची भीती सगळ्यांनाच वाटते, पण वायरकडे फारसं कुणी बघत नाही.

एमसीबी असताना शॉक लागतो का?

लागतो. एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलीअँपिअर. माणसाच्या हातातून साधारण १० मिलीअँपिअर प्रवाह गेला तरी स्नायू आखडतात आणि हातातली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० मिलीअँपिअर छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. इतका कमी प्रवाह एमसीबीला कळतच नाही.

मग वाचवतं कोण?

आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, हे तो सतत तपासतो. वायर कापली आणि प्रवाह माणसातून जमिनीत जाऊ लागला की दोन्हींत फरक पडतो आणि सेकंदाच्या काही अंशातच वीज बंद होते. माणसाच्या संरक्षणासाठी तो ३० मिलीअँपिअरचा लागतो. १०० किंवा ३०० मिलीअँपिअरचे आरसीसीबी मुख्यतः आगीपासून बचावासाठी असतात. आकडा त्याच्यावरच छापलेला असतो.

त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर वीज लगेच गेली पाहिजे. गेली नाही, तर मशीन लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. एक मर्यादाही लक्षात ठेवा: फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला, तर आरसीसीबीला तो शॉक ओळखता येत नाही.

सोसायटीच्या बागेत जबाबदारी कुणाची?

मशीन माळीकाकांच्या हातात असतं, पण वीज पार्किंगमधल्या किंवा जिन्याखालच्या कॉमन बोर्डातून येते. तिथे आरसीसीबी आहे का, हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. बोर्ड तपासून घेणं आणि गॉगल, बूट पुरवणं हे कमिटीचं काम आहे.

काम सुरू करण्याआधी

- गवत ओलं असेल किंवा पाऊस भुरभुरत असेल, तर काम पुढे ढकला.
- टेप गुंडाळलेले जॉइंट असलेली वायर वापरू नका. वायर रीळवर असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापते आणि वितळू शकते.
- प्लग आणि एक्स्टेंशनचा जोड ओल्या गवतात पडू देऊ नका.
- दगड, तारा, बाटल्या वेचून घ्या. पात्याखाली आलेला खडा डोळा फोडू शकतो. साधा चष्मा पुरत नाही, सेफ्टी गॉगल लागतो.
- चपलेऐवजी बंद बूट आणि फुल पँट घाला. ओढणी किंवा सैल कपडे नकोत. मुलांना लांब ठेवा.

मशीन चालू असताना

- वायर खांद्यावरून मागे टाका. वायर ज्या बाजूला आहे, तिथून सुरुवात करून तिच्यापासून लांब जात राहा.
- पात्यात गवत अडकलं तर फक्त स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा, पातं थांबू द्या, मगच हात घाला. बॅटरीच्या मशीनची बॅटरी काढा. त्यात वायरचा धोका नसतो, पात्याचा असतोच.
- वायर कापली गेली तर तिला हात लावू नका. आधी बोर्डावरून वीज बंद करा.
- फांद्या छाटायला अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं पातं लावू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे मारतो. पातं फांदीत अडकलं की मशीन उसळून अंगावर येतं.
- फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर स्वतः छाटू नका, वीज कंपनीला कळवा. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

शॉक लागलाच तर?

धावत जाऊन त्या माणसाला धरू नका, तुम्हालाही शॉक बसेल. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी दांड्याने वायर बाजूला करा. मग १०८ किंवा ११२ ला फोन करा. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा. माणूस उठून बसला आणि ‘काही झालं नाही’ म्हणाला, तरी त्याला डॉक्टरकडे न्या. हृदयाच्या ठोक्यांतला बिघाड बाहेरून दिसत नाही.