क्ष-किरण ज्योतिषातील 'धडा' : पार्श्वगणनेच्या इतिहासावरील एक टिपण

नायगावच्या मोंढ्यावर तेल मोजून देण्यापूर्वी रिकाम्या डब्याचा धडा करून घेण्याची रीत होती. आता विजेच्या काट्यावर तेच काम एक कळ दाबून होते. (पाठ या अर्थी येणारा 'धडा' आणि हा 'धडा' यांचे मूळ एक की दोन, हा प्रश्न येथे बाजूस ठेवू.) धड्यामागे एक गृहीत असते : डब्याचे वजन आता जेवढे आहे तेवढेच घटकाभरानेही राहील. आकाशातील क्ष-किरण मोजणाऱ्यांच्या वाट्यास मात्र असा डबा आला, की ज्याचे वजन क्षणोक्षणी पालटते.

राँटगेनने 1895 मध्ये ज्या किरणांना अज्ञातदर्शक अक्षर दिले, त्यांस आपण बीजगणितातील अव्यक्ताचे 'क्ष' दिले, हे यथोचितच झाले. हे किरण वातावरणात शोषले जातात. म्हणून उपकरण वर न्यावे लागते. 18 जून 1962 रोजी जियाकोनी, गर्स्की, पाओलिनी व रोस्सी यांच्या अग्निबाणाने चंद्रावरून येणारे क्ष-किरण शोधावयाचे होते. सापडला तो वृश्चिक राशीतील तेजस्वी उद्गम आणि त्याबरोबरच सर्व दिशांनी सारखी येणारी एक मंद प्रभा. म्हणजे ज्याला वजा करावयाचे, तेच एक शोध ठरले! 1999 मध्ये सोडलेल्या 'चंद्रा' दुर्बिणीने पुढे या प्रभेचा मोठा भाग असंख्य दूरस्थ उद्गमांत विभागून दाखविला.

भारतात हे कार्य मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून, विश्वकिरणांच्या अभ्यासाच्या परंपरेतच सुरू झाले. 1968 मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्यातील उपकरणाने वृश्चिकातील तोच उद्गम पाहिला. फुग्याच्या उपकरणांची रीत सोपी होती : उपकरण उद्गमाकडे वळवावयाचे, मग शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, आणि दुसरी गणना पहिलीतून वजा करावयाची. हा धडाच होय.

परंतु वजाबाकीत एक खोच आहे. समजा, उद्गमाकडे पाहताना 16 कण मोजले आणि तितक्याच वेळात रिकाम्या आकाशाकडे 9. बाकी 7 उरते. तिची अनिश्चिती 7 च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे अडीचच्या आसपास, मानण्याचा मोह होतो. वस्तुतः ती 16 आणि 9 यांच्या बेरजेच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे 5 आहे. सातावर पाचाची अनिश्चिती असता उद्गम सापडला असे कोणी म्हणू नये. शिवाय दोन गणनांची बाकी प्वासाँच्या नियमाने वागत नाही. ती ऋणही येते, आणि ऋण कण कोणी पाहिलेले नाहीत. वेबस्टर कॅश यांनी 1979 मध्ये अल्प गणनांसाठी जी संभाव्यतेची पद्धत मांडली, तिचा आशय असा, की गणनांना गणनाच राहू द्यावे. त्यामुळे पार्श्वगणना आधी वजा करून टाकण्याऐवजी उद्गमाच्या प्रतिमानाला पार्श्वगणनेचे प्रतिमान जोडावे आणि दोहोंची बेरीज प्रत्यक्ष गणनेशी ताडून पाहावी, ही वाट मोकळी झाली.

ह्या प्रश्नाची खरी कसोटी 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट' उपग्रहावर लागली. त्यावरील 'लॅक्सपीसी' हे टाटा संस्थेत घडविलेले उपकरण म्हणजे क्सेनॉन वायूने भरलेली तीन मोठी गणकपात्रे. त्यांना प्रतिमा घेता येत नाही; सुमारे एक अंशाच्या खिडकीतून जे येईल ते मोजावयाचे. म्हणून उद्गम आणि रिकामे आकाश एकाच वेळी दिसत नाहीत. 1995 साली सुटलेल्या अमेरिकेच्या 'रोस्सी' उपग्रहापुढेही हीच अडचण होती. विद्युद्भारित कण ओळखून वगळण्यासाठी पात्रांच्या कडांना पहारेकरी तारा आहेत, तरी काही कण निसटतातच. कक्षा 650 किलोमीटरांवर आणि विषुववृत्ताशी केवळ 6 अंश कललेली ठेवण्यात दक्षिण अटलांटिकावरील कणबहुल प्रदेश शक्य तितका टाळण्याचा हेतू होता. तरीही उपग्रह त्याच्या कडेने जातोच, आणि तेथून बाहेर पडल्यावर पार्श्वगणना काही काळ चढलेली राहते. तेव्हा रिकाम्या आकाशाची दीर्घ निरीक्षणे घेऊन, उपग्रह कोणत्या अक्षांश-रेखांशावर असता किती गणना होते याचे कोष्टक बसविण्यात आले. डब्याचे वजन स्थानपरत्वे नोंदविण्याचाच हा उद्योग. पुढे एका पात्रातील वायू गळाला आणि दुसऱ्याचे वर्तन अस्थिर झाले. 2018 नंतर बहुतेक अभ्यासकांचा भर उरलेल्या एका पात्रावरच राहिला.

तेजस्वी उद्गमांच्या बाबतीत कमी ऊर्जेला ह्या साऱ्याचे फारसे महत्त्व नाही. ऊर्जा वाढत जाते तशी उद्गमाची गणना ओसरते, पार्श्वगणना मात्र तशी ओसरत नाही. त्यातही 30 किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या आसपास क्सेनॉन स्वतःची खूण उमटवितो. नेमक्या ह्याच टापूत न्यूट्रॉन ताऱ्यांच्या चुंबकीय क्षेत्राचे मान सांगणाऱ्या शोषणरेषा शोधल्या जातात. पार्श्वगणनेचे प्रतिमान किंचित चुकले, तर वायूची खूण ताऱ्याच्या माथी बसते आणि कोट्यवधी टेस्लांचे क्षेत्र कागदावर उभे राहते.

परिभाषेविषयी एक सूचना करावीशी वाटते. येथे रूढ असलेला 'पार्श्वभूमी' हा शब्द चित्रातील अथवा रंगभूमीवरील स्थिर पडदा सुचवितो. येथील वस्तू तर सतत हलणारी आणि मोजली जाणारी आहे. म्हणून या टिपणात 'पार्श्वगणना' हा शब्द योजिला आहे.