नाग व नागा

देवनागरीत एकाच रूपात लिहिले जाणारे, परंतु अर्थ व व्युत्पत्ती या दृष्टींनी परस्परांहून भिन्न असलेले शब्द. नागपूर शहराच्या नावामुळे विदर्भाच्या इतिहासात त्यांच्या अभ्यासाला विशेष महत्त्व आहे.

संस्कृतात ‘नाग’ हा शब्द सर्प व हत्ती या दोन्ही अर्थांनी येतो. रसशास्त्रात तो शिसे या धातूचे नाव असून ‘नागभस्म’ ही संज्ञा त्यावरूनच पडली. भारतीय संस्कृतीच्या प्रसाराबरोबर हा शब्द आग्नेय आशियात गेला आणि जावा, कंबोडिया व थायलंड येथे दैवी महासर्प या अर्थाने रूढ झाला. तेथे शब्दसाम्याबरोबर मूळही एकच आहे.

‘नागा’ या रूपाची स्थिती वेगळी आहे. नागा साधू यातील ‘नागा’ संस्कृत ‘नग्न’ पासून प्राकृतमार्गे आलेला असून मराठीतील ‘नागडा’, ‘नागवा’ व ‘नागवणे’ हे शब्द त्याच कुळातील होत. खाडा या अर्थाचा ‘नागा’ फार्सीमार्गे आला. त्याच्या मूळ रूपातील घर्षक ध्वनी मराठीत साध्या ‘ग’ मध्ये मिसळून गेल्याने दोन्ही शब्दांचे लेखन एक झाले. ईशान्य भारतातील अंगामी, आओ, लोथा, कोन्याक इ. जमातींना ‘नागा’ हे समूहनाम प्रथम शेजाऱ्यांनी दिले. त्याचा संबंध कोणी असमियातील नग्नतावाचक शब्दाशी, तर कोणी कान टोचलेले लोक या अर्थाच्या ब्रह्मी शब्दाशी जोडतात. या जमातींच्या भाषा तिबेटो-ब्रह्मी गटातील आहेत. १ डिसेंबर १९६३ रोजी स्थापन झालेल्या नागालँड राज्याने हेच नाव धारण केले. जपानी भाषेत ‘नागा’ म्हणजे लांब. नागासाकी या नावाचा अर्थ लांब भूशिर असा होतो. फिलिपीन्समधील नागा हे शहर मात्र तेथील एका वृक्षाच्या नावावरून ओळखले जाते.

नागपूरच्या बाबतीत हा विवेक आवश्यक ठरतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंदशाह याने १७०२ च्या सुमारास शहर वसविले असे मानतात. तथापि नाव त्याहून जुने आहे. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे मिळालेल्या, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या शके ८६२ (इ. स. ९४०) च्या ताम्रपटात ‘नागपुर-नंदिवर्धन’ या विषयाचा उल्लेख आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन होय. वाकाटकांचा नागकुळांशी शरीरसंबंधही होता : पहिला रुद्रसेन हा भारशिव नाग राजा भवनाग याच्या मुलीचा मुलगा, तर राणी प्रभावतीगुप्ता हिची आई कुबेरनागा नागकुळातील होती. शहरातून वाहणाऱ्या नाग नदीवरून गावाचे नाव पडले, ही समजूतही प्रचलित आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धर्मांतर केले. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी हे स्थळ निवडण्याचे कारण सांगताना बौद्ध धर्माचा प्रसार करणारे नाग लोक, त्यांची या परिसरातील वस्ती आणि नाग नदी यांचा निर्देश केला. त्यामुळे असंख्य लोकांच्या दृष्टीने ‘नाग’ हा शब्द केवळ स्थलवाचक न राहता आत्मसन्मानाचा व पूर्वपरंपरेचा वाचक झाला. या परंपरेची चर्चा ताम्रपट, वंशावळी व स्थलनामे यांच्या आधारे होऊ शकते. नागालँडच्या जमातींचे नाव सारखे आहे एवढ्यावरून त्यांना तीत ओढणे मात्र भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. शब्दाचे जुने रूप, त्यातील ध्वनिबदल आणि तो ज्या मार्गाने आला तो मार्ग या तिन्ही गोष्टी जुळल्याखेरीज केवळ लेखनसाम्य हा वंशसंबंधाचा पुरावा होत नाही.