फळ्यापुढचा इतिहास

हेगेल १८३१ साली वारला आणि त्याची इतिहासाच्या तत्त्वज्ञानावरील व्याख्याने ग्रंथरूपाने आली ती १८३७ साली, प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून. सोस्यूरच्या भाषाविज्ञानाची कथा याहून विलक्षण. ज्या ग्रंथामुळे त्याचे नाव झाले तो त्याने लिहिलाच नाही. त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९१६ साली, बाय्यी व सेशए या दोघांनी तो श्रोत्यांच्या टिपणांतून जुळवला. आपल्याकडचे उदाहरण हवे असल्यास स्वामी दयानंद सरस्वतींनी १८७५ साली पुण्यात दिलेली व्याख्याने घ्यावीत. ती झाली हिंदीत, त्यांतील पंधरांचा वृत्तांत छापला गेला मराठीत, आणि पुढे हिंदी वाचकांना ती मिळाली या मराठीवरून केलेल्या भाषांतरातून. वक्त्याचे स्वतःचे शब्द या प्रवासात किती उरले असतील?

व्याख्यान हा प्रकार असा पूर्वापार परक्याच्या वहीच्या आधाराने जगत आला आहे. म्हणूनच येल विद्यापीठाने डिसेंबर २००७ मध्ये आपल्या वर्गातील सात अभ्यासक्रम चित्रफितींसह आंतरजालावर कोणासही विनामूल्य खुले केले, ही घटना आम्हांस ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात नोंदवण्याजोगी वाटते. प्रवेश नाही, परीक्षा नाही, पदवीही नाही. कॅमेरा वर्गाच्या मागे उभा करून जे शिकवले जाते ते टिपायचे, एवढाच खटाटोप. पुढे त्यात डॉनल्ड केगन यांची प्राचीन ग्रीसवरील २४ व्याख्याने आली, जॉन मेरिमन यांचा १६४८ ते १९४५ या काळातील युरोप आला, पॉल फ्रीडमन यांची इ. स. २८४ ते १००० या धूसर कालखंडावरील २२ व्याख्याने आली, मात्झोत्तांचा दान्ते आला.

केगन यांचा पेलोपोनेशियन युद्धाचा चतुष्खंडी इतिहास प्रसिद्ध आहे. मग व्याख्याने कशासाठी ऐकावीत, असे कोणी विचारील. उत्तर त्यांच्या आरंभीच्या व्याख्यानांतच आहे. होमर व जुन्या दंतकथा यांना इतिहासकाराने कितपत मानावे हा प्रश्न निघतो, आणि केगन आपली भूमिका एका गमतीदार नावाने सांगतात : वरच्या पायरीवरचा भाबडेपणा. जे परंपरा सांगते ते आधी खरे धरून चालायचे, आणि पुराव्याने भागच पाडले तरच सोडायचे. सर्वसंशयी विद्वत्तेचे शिक्षण घेऊन झाल्यावर पुन्हा विश्वासाकडे वळणारा हा भाबडेपणा आहे, नवशिक्याचा नव्हे. राजवाड्यांनी बखरींची जी झडती घेतली ती ज्यांनी वाचली आहे त्यांना येथे थबकावेसे वाटेल. आम्हांस केगन यांची भूमिका पूर्णतः पटत नाही. परंतु तळटीपांच्या तटबंदीमागे उभा असलेला इतिहासकार अशी कबुली जपूनच देतो. वर्गात, विशीतल्या पोरांपुढे, तो आपले पत्ते उघडे टाकतो. विषयाशी त्याचे नाते काय आहे ते त्या वेळी कळते, आणि त्याला विरोध कोठे करायचा तेही.

येलची व्यवस्था नेटकी होती. मोजके अभ्यासक्रम, हाताशी एका प्रतिष्ठानचा निधी, आणि प्रत्येक व्याख्यानाची शब्दशः लेखी प्रत सोबत. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने दुसरा मार्ग धरला होता. तेथे व्याख्याने सढळ हाताने मुद्रित होऊन खुली होत गेली, वीस हजारांवर. ह्यूबर्ट ड्रायफस होमरपासून मेल्व्हिलपर्यंत पाश्चात्त्य वाङ्मयातील देव व माणूस यांविषयी बोलत, ते जगभर ऐकले जाई. मात्र यांतील कित्येक चित्रफितींना उपशीर्षके नव्हती. कर्णबधिरांच्या उच्च शिक्षणासाठी विख्यात असलेल्या गॅलॉडेट विद्यापीठातील दोघा कर्मचाऱ्यांनी तक्रार केली, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ती रास्त ठरवली. ही सामग्री अपंगांना वापरता येईल अशी करा, असे खात्याचे सांगणे होते. खर्च झेपणारा नाही असे म्हणत विद्यापीठाने मार्च २०१७ मध्ये त्या वीस हजार फिती सार्वजनिक दृष्टीआड नेल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी, २२ एप्रिलला, ड्रायफस वारले.

या प्रकरणी त्या वेळी तक्रारदारांवरच आगपाखड झाली. ती आम्हांस अन्यायाची वाटते. 'सर्वांसाठी खुले' ही पाटी लावल्यावर ज्याला ऐकू येत नाही तो 'सर्वां'त मोडतो की नाही, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. त्यांनी दार रुंद करा म्हटले, विद्यापीठाने ते लावून घेतले. आणि लेखी प्रत ही केवळ बधिरांची सोय नव्हे. अमेरिकी उच्चारांशी झुंजणाऱ्या आपल्याकडील श्रोत्याला येलच्या त्या प्रतींनी किती हात दिला आहे, हे ज्याचे त्याला ठाऊक. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्याय खात्याशी झालेल्या समझोत्यात बर्कलीने आपली बहुतांश आंतरजालीय सामग्री सुगम करण्याचे मान्य केले. दरम्यान फिती काढल्या जाण्याआधी एलबीआरवाय नावाच्या एका कंपनीने त्यांच्या प्रती करून ठेवल्या होत्या. २०२३ साली त्या कंपनीनेच गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. ॲपलचे 'आयट्यून्स यू' हे दालनही २०२१ च्या अखेरीस बंद झाले. २०१२ पासून गाजलेल्या प्रमाणपत्रांच्या मोठ्या बाजाराविषयी येथे लिहीत नाही, तो धंदा निराळा आहे.

केगन २०२१ साली गेले, मेरिमन २०२२ साली. हेगेलच्या शिष्यांप्रमाणे त्यांच्या श्रोत्यांना वह्या जुळवत बसण्याची गरज उरलेली नाही, पण फीत कोठे ठेवली आहे हे पाहावेच लागते. येलच्या परवान्यानुसार, श्रेय देऊन व व्यापारी हेतू न ठेवता, बहुतेक व्याख्यानांच्या प्रती करण्यास व वाटण्यास मोकळीक आहे. केगन, मेरिमन आणि फ्रीडमन यांची मिळून सत्तर व्याख्याने आम्ही लेखी प्रतींसह उतरवून घेतली आहेत.