व्यावसायिक सांधेदाह व नुकसानभरपाई

एकच हालचाल दिवसभर केल्याने, गुडघ्यावर वा कोपरावर सतत भार पडल्याने किंवा थरथरणारी अवजारे वर्षानुवर्षे हाताळल्याने सांधे, कंडरा, कंडरांची वेष्टने व बर्सा (सांध्याजवळच्या द्रवाच्या पिशव्या) यांना येणारी सूज. आणि तिच्यापोटी कामगाराला मालकाकडे मागता येणारी भरपाई. आमवात व वयोमानाची झीज हे आजार वेगळे, पण दाव्यात मालकपक्षाचा पहिला आक्षेप बहुधा ‘हे वयाने झाले’ हाच असतो.

प्रकार व निदान : वारंवार आढळणारे प्रकार म्हणजे मनगटाच्या व बोटांच्या कंडरावेष्टनांचा दाह, कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे (टेनिस एल्बो) आणि गुडघ्याच्या वाटीपुढील बर्साची सूज. शेवटचा विकार गुडघे टेकून काम करणाऱ्यांचा : फरशी बसवणारे, गालिचे बसवणारे, खाणकामगार. अंगठ्याच्या मुळाशी होणाऱ्या कंडरावेष्टनदाहाचे वर्णन स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्व्हँ यांनी १८९५ मध्ये केले. त्याच्या तपासणीला यंत्र लागत नाही. रुग्णाला अंगठा मुठीत घेऊन मूठ मिटायला सांगायची आणि मनगट करंगळीकडे वाकवायचे. अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ आली तर हा दाह असण्याची दाट शक्यता असते. व्यवसायाशी संबंध ठरवताना मात्र तपासणीपेक्षा रुग्णाची हकिकत मोलाची ठरते. सुट्टीत दुखणे उतरते का, कामावर परतल्यावर पुन्हा चढते का, ज्या हाताने काम चालते तोच हात धरला आहे का, हे विचारलेच पाहिजे.

इतिहास : इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामात्सीनी यांनी १७१३ मध्ये लेखनिकांच्या हाताच्या त्रासाची नोंद केली. भरपाईचा हक्क दोन शतकांनी आला. ब्रिटनच्या १९०६ च्या कायद्यात शिसे, पारा, फॉस्फरस आदींच्या मोजक्या व्यवसायजन्य रोगांची यादी जोडली गेली. हर्बर्ट सॅम्युएल यांच्या समितीने ती तपासल्यावर १९०७ मध्ये खाणकामगारांचे सुजलेले हात, गुडघे व कोपर आणि मनगटाच्या कंडरावेष्टनांचा दाह हे विकार तिच्यात आले. दहा वर्षे शेतीकाम केलेल्यांच्या खुब्याची झीज २००५ मध्ये, तर कोळसा खाणकामगारांच्या गुडघ्याची झीज २००९ मध्ये तेथे मान्य झाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या यादीत स्नायू-अस्थिविकारांचा स्वतंत्र गट आहे.

भारतातील स्थिती : १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर झाला, पण ब्रिटिश यादीतला गुडघा आपल्या यादीत कधी आला नाही. तिसऱ्या अनुसूचीत शिसे, बेंझिन, आवाजाने येणारे बहिरेपण, सिलिकोसिस आहेत. सांधे वा कंडरा यांचा एकही विकार नाही. यादीतला रोग असेल तर तो कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो. यादीबाहेरचा रोग कामावरील एखाद्या निश्चित अपघातातून थेट उद्भवला, हे कामगाराने सिद्ध करावे लागते. येथेच बहुतेक दावे अडतात. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०३ मध्ये यंत्राचे चाक फिरवताना एकाएकी झालेला हर्निया ‘अपघात’ मानला. त्याला दिवस होता, क्षण होता. बारा वर्षे कोयता चालवून धरलेल्या मनगटाला तारीख कुठून आणायची? ही उणीव किरकोळ नाही. सावकाश होणारी इजा ही इजाच असते.

केंद्र व राज्य सरकारांना अधिसूचना काढून यादी वाढवण्याचा अधिकार या कायद्यातच होता. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या आहेत (अंमल २१ नोव्हेंबर २०२५ पासून). यादी तीच राहिली. कारखाने अधिनियमाखालील कळवण्याजोग्या २९ रोगांतही सांधेदाह नव्हता. त्यामुळे तो सरकारला कळवण्याचे बंधन डॉक्टरांवर नव्हते, आणि जे कळवले जात नाही त्याची गणतीही होत नाही.

भरपाईची रक्कम : कायम व पूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. १९२३ च्या कायद्याखाली हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये होती. चाळीस वर्षांच्या कामगाराचा गुणांक १८४.१७, म्हणजे ९,००० × १८४.१७ = १६,५७,५३० रुपये. कमाईची क्षमता २० टक्के गेली असे ठरले तर ३,३१,५०६ रुपये. ही टक्केवारी डॉक्टर ठरवतो, पण ती निव्वळ अवयवाची नसते. डावा हात गेलेल्या सुताराची कमाईची क्षमता पूर्ण गेली, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मान्य केले. मनगट आखडलेल्या सुताराच्या वा विणकराच्या दाव्यातही हाच विचार लावायला हवा.

पुरावा : हजेरीपट, वेतनचिठ्ठी आणि पहिल्या तपासणीचा केसपेपर. केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात नुसते ‘मजुरी’ लिहिलेले असते आणि दाव्याचा पाया तिथेच खचतो. कोणते काम, कोणता हात, दिवसाला किती तास, किती वर्षे, हे डॉक्टरने पहिल्याच भेटीत लिहावे. उक्त्या कामावर व मुकादमामार्फत नेमलेल्यांकडे हजेरीपट नसतो. तिथे मालक कोण हाच पहिला वाद होतो. ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडून मागण्याची तरतूद आहे.

राज्य विमा योजना : विमाधारक कामगाराला मालकाविरुद्ध वेगळा दावा करता येत नाही, लाभ कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून मिळतो. व्यवसायजन्य रोगांची यादी मात्र तीच.

घरकाम : घरी धुणे-भांडी व फरशी पुसण्याचे काम करणाऱ्या स्त्रियांच्या गुडघ्यांची दखल भारतातल्या यांपैकी कोणत्याही यादीत नाही.